१८ जागा, १२ माणसे : एका इमेजिंग विभागाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका मोठ्या रुग्णालयाच्या इमेजिंग विभागातले आहे. त्या काळात तिथल्या तंत्रज्ञांची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यातल्या बऱ्याच माझ्या आहेत. माणसे आणि रुग्णालय ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

विभागात दोन एक्स-रे खोल्या, वॉर्डात न्यायचे पोर्टेबल एक्स-रे यंत्र, एक सीटी, एक एमआरआय, एक मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि ऑपरेशन थिएटरमधला सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणारे यंत्र. तंत्रज्ञांची मंजूर पदे १८. बाहेरच्या माणसाला हा आकडा भरपूर वाटतो. ‘पाच-सहा मशीन आणि १८ माणसे?’ हा प्रश्न प्रशासनाच्या बैठकीत मी अनेकदा ऐकला आहे. म्हणून आधी हिशेब मांडतो.

आठवड्यात १६८ तास असतात. एका माणसाचा आठवडा ४० तासांचा धरला, तर चोवीस तास चालणारी एक जागा सांभाळायला ४.२ माणसे लागतात. रजा, सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण यांत वर्षातले आठेक आठवडे जातात. ते धरले की आकडा ५ वर येतो. म्हणजे रात्रंदिवस चालणाऱ्या सीटीला एक तंत्रज्ञ पुरत नाही, पाच लागतात. कॅज्युअल्टीच्या एक्स-रेला तसेच पाच. एमआरआय आठवड्याचे सहा दिवस, रोज १२ तास चालायचे. तिथे एका वेळी दोन माणसे हवीतच, एक कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या टेबलावर, आणि दुसरे पेशंटची विचारपूस, तयारी करायला आणि दारावर लक्ष ठेवायला. म्हणून तिथे सव्वाचार. दुसरी एक्स-रे खोली, मॅमोग्राफी आणि सी-आर्म फक्त दिवसा चालायचे, पण रजेमुळे त्यांनाही प्रत्येकी एकाहून थोडे जास्तच लागते. बेरीज साधारण १७.७.

सगळी पदे भरलेली असतानाही शिलकीत कुणीच नव्हते, ते असे. आणि आमची सगळी पदे कधीच भरलेली नव्हती. सुरुवातीला १७ जण होतो. पुढच्या १४ महिन्यांत पाच जण कमी झाले. एक जण यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट म्हणून गेला. दोघे नाईट नसलेल्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये गेले. एक निवृत्त झाले. एक प्रसूतीच्या रजेवर गेली आणि नंतर परत आली नाही. जाहिरात तीनदा दिली. नुकतेच पास झालेले अर्ज करत, पण अनुभवी माणूस मुलाखतीला आला की त्याचा पहिला प्रश्न ‘महिन्याला नाईट किती?’ हा असे, आणि उत्तर ऐकून तो पुन्हा फिरकत नसे.

अडचण कशी दिसत नव्हती

पहिला राजीनामा आला तेव्हा मी जे केले ते बहुतेक विभागप्रमुख करतात. त्या माणसाच्या ड्यूट्या उरलेल्यांत वाटल्या आणि ओव्हरटाईम लावला. दुसऱ्या राजीनाम्याला तेच. सगळ्यांनी सांभाळून घेतले, पेशंट परत गेले नाहीत, अपॉइंटमेंटची यादी लांबली नाही. महिन्याच्या अहवालात तपासण्यांचा आकडा होता तसाच राहिला. प्रशासनाने तो बघितला आणि पदे भरण्याची फाईल खाली गेली. १८ जणांचे काम १४ जण करून दाखवत असतील, तर १८ कशाला? कुणी हे तोंडावर म्हटले नाही, पण फाईल ज्या गतीने सरकत होती त्यातून ते कळत होते.

टंचाई मोजण्याची आमची पद्धतच चुकीची होती. आम्ही डोकी मोजत होतो. एक्स-रे सगळ्यांना येत होता, पण रात्री सीटी एकट्याने चालवू शकणारे सहाच उरले होते. एमआरआय स्वतंत्रपणे करणारे पूर्वी चार होते, आता दोन. मॅमोग्राफी करणारी एकच. कागदावर १२ माणसे असलेला विभाग प्रत्यक्षात एका बाईच्या खांद्यावर, दोघांच्या रजेवर आणि सहा जणांच्या झोपेवर चालला होता.

पहिला धक्का एका रात्री बसला. त्या रात्री सीटी आणि कॅज्युअल्टीचा एक्स-रे एकाच तंत्रज्ञाकडे होते. तो पोर्टेबल घेऊन आयसीयूत गेलेला असताना पक्षाघाताचा पेशंट आला. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटीवर पाहिल्याशिवाय ते देता येत नाही. तंत्रज्ञ आयसीयूत एका व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या पाठीखाली डिटेक्टर सरकवत होता. तो तसाच सोडून पळता येत नव्हते. पेशंट सीटीच्या दाराशी २२ मिनिटे थांबला. औषध वेळेत मिळाले, पण ती २२ मिनिटे त्या मुलाच्या मनातून गेली नाहीत. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, “सर, मी चुकलो का?” तो चुकला नव्हता. ड्यूटी चार्ट मी लावला होता.

दुसरी घटना एमआरआयमधली. संध्याकाळची वेळ, दोनऐवजी एकच तंत्रज्ञ. लहान मुलाचा स्कॅन होता आणि आई आत शेजारी बसणार होती. मुलाचा सुरक्षा फॉर्म नीट भरलेला होता. आईचा भरायचा राहिला. दार उघडल्यावर तिने स्वतःच विचारले, “माझा हा इन्सुलिन पंप आत चालेल ना?” पंप कपड्यांखाली होता, बाहेरून दिसत नव्हता. असा पंप चुंबकाच्या खोलीत नेला तर बिघडू शकतो, आणि बिघडलेला पंप डोस चुकवू शकतो. स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो, १.५ टेस्लाचे ते क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हजारो पटींनी जास्त असते. तिने विचारले म्हणून टळले. तिथे दुसरा माणूस असता तर तो प्रश्न तिने विचारायची वेळच आली नसती, कारण तो विचारणे हेच त्या दुसऱ्या माणसाचे काम असते.

तिसरी गोष्ट घटना म्हणून कुठेच नोंदली गेली नाही. मला मात्र तीच सर्वांत जास्त लागली. आमच्यातली एक तंत्रज्ञ गरोदर होती आणि तिने ते चौथ्या महिन्यात सांगितले. गर्भारपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला मिळणारा किरणोत्सर्गाचा डोस साधारण १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवावा, अशी आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाची शिफारस आहे. त्यासाठी सी-आर्म आणि पोर्टेबलसारखी कामे बदलून देता येतात, पण ते कळवल्यावरच. उशीर का केला असे विचारल्यावर ती म्हणाली, “चार्ट कोलमडला असता.” तिच्या टीएलडी बॅजचे (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या बिल्ल्याचे) आकडे अगदी कमी निघाले, काळजीचे कारण नव्हते. तरीही आपल्या पोटातल्या मुलाआधी चार्टचा विचार करावा लागेल असे वातावरण विभागात तयार झाले होते, आणि ते होऊ देणाऱ्यांत मी होतो. परत न आलेली तंत्रज्ञ तीच.

याच तिमाहीत रिजेक्ट ॲनालिसिस केले. परत काढाव्या लागलेल्या एक्स-रे प्रतिमा ८ टक्क्यांच्या आत असाव्यात आणि १० टक्क्यांपुढे गेल्या तर कारण शोधावे, असा संकेत अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या गटाने २०१५ मध्ये दिला आहे. आम्ही नेहमी ८ च्या आत असायचो. त्या तिमाहीत १० ओलांडले, आणि चुकीचे पोझिशनिंग, म्हणजे पेशंटला यंत्रापुढे नीट न ठेवणे, सगळ्यात जास्त डबल ड्यूटीच्या शेवटच्या तासांत होते. रिपीट म्हणजे पेशंटला पुन्हा डोस. म्हणजे ज्या ओव्हरटाईममुळे टंचाई झाकली जात होती, त्याची किंमत पेशंटही देत होते.

कोणते पर्याय समोर होते

ओव्हरटाईम तसाच चालू ठेवणे हा पर्याय बैठकीत सगळ्यांत सोपा वाटत होता. वरच्या तीन गोष्टींनंतर मी तो कागदावर घेण्यासच नकार दिला.

एजन्सीमार्फत तात्पुरती माणसे घ्यावीत, असे प्रशासनाचे मत होते. घेतली. पण तंत्रज्ञ म्हणजे कुठल्याही खुर्चीत बसवता येणारा माणूस नव्हे. प्रत्येक कंपनीचा कन्सोल वेगळा, प्रत्येक विभागाचे प्रोटोकॉल वेगळे, कॉन्ट्रास्ट (प्रतिमा स्पष्ट दिसावी म्हणून शिरेतून द्यायचे औषध) देताना आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट बघताना कुणाला विचारायचे हेही वेगळे. आलेल्या दोघांना नीट कामाला लावायला तीन आठवडे गेले, आणि ते शिकवत होती आमचीच दमलेली माणसे. एक जण महिन्याभरात निघून गेला. दुसरी टिकली आणि एक्स-रेची खोली तिने खरोखर सावरली.

दूरस्थ स्कॅनिंग, म्हणजे दुसरीकडे बसलेल्या अनुभवी तंत्रज्ञाने आमचा एमआरआय कन्सोल चालवणे, याची चर्चा खूप झाली. आकर्षक कल्पना आहे आणि अवघड प्रोटोकॉलसाठी उपयोगीही. पण कन्सोल लांबून चालवता येतो, दार लांबून सांभाळता येत नाही. पेशंटला टेबलावर घेणे, कॉइल (तपासायच्या भागावर बसवायचे, संकेत टिपणारे उपकरण) लावणे, आईला पंपाबद्दल विचारणे आणि काही बिघडले तर पेशंटला बाहेर काढणे यासाठी प्रशिक्षित माणूस तिथेच लागतो. आमच्याकडे नेमका तोच नव्हता. आम्ही तो पर्याय बाजूला ठेवला आणि आजही मला ते बरोबर वाटते.

मदतनीस वाढवणे हा पर्याय मी कमी लेखला होता. दोन दिवस एकाने घड्याळ घेऊन नोंद केली. एमआरआयच्या तंत्रज्ञाचा मोठा वेळ स्कॅनिंगखेरीज इतर कामांत जात होता : पेशंटला हाक मारणे, कपडे बदलायला सांगणे, व्हीलचेअरवरून उठवणे, कॉइल पुसणे, वॉर्डाला फोन करणे. ही कामे दुसऱ्याला देता येतात. मात्र मदतनिसाने सुरक्षेचा अंतिम प्रश्न विचारायचा नाही, तो तंत्रज्ञानेच विचारायचा, ही रेघ आम्ही पहिल्याच दिवशी आखली. मदतनीस हाताशी आहे म्हणून तंत्रज्ञ एकटाच ठेवायचा, ही पळवाट नंतर कुणीतरी काढणारच होते.

मागणी कमी करण्याचा विचार शेवटी आला. तो आधी यायला हवा होता. आयसीयूतल्या व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक पेशंटचा रोज सकाळी छातीचा एक्स-रे निघत असे, गरज असो वा नसो. फ्रान्समधल्या २१ अतिदक्षता विभागांत झालेला आणि २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आमच्या एका रेडिओलॉजिस्टने आयसीयूच्या डॉक्टरांसमोर ठेवला. रोजच्याऐवजी गरजेप्रमाणे एक्स-रे काढल्यावर त्यांची संख्या सुमारे ३२ टक्क्यांनी घटली होती आणि उपचारांच्या दर्जाला धक्का लागला नव्हता. आयसीयूप्रमुख आधी नाराज होते. पण नर्सिंगच्या ताईंनीच बाजू घेतली, कारण पहाटे पाचला पेशंट हलवण्याचा त्रास त्यांनाही होता.

आणि शेवटचा पर्याय : एमआरआयची संध्याकाळची पाळी काही काळ बंद करणे.

निर्णय पहिला : पाळी बंद करणे

यावर दोन आठवडे वाद झाला. एमआरआयची यादी आधीच लांब होती. प्रशासनाचा आक्षेप सरळ होता : वेटिंग वाढेल, तक्रारी येतील, उत्पन्न घटेल. रेडिओलॉजिस्टांचा आक्षेप अधिक गंभीर होता. यादीत कर्करोगाचे पेशंट होते, आणि उशीर झाला असता तर तो त्यांना सोसावा लागला असता.

माझे म्हणणे असे होते की पाळी तशीही बंद पडणारच आहे. दोघांपैकी एक आजारी पडला की त्या दिवशीच्या सगळ्या पेशंटना दारातून परत पाठवावे लागेल, आणि त्यात कर्करोगाचा पेशंट आहे की गुडघ्याचा, हे त्या दिवशी निवडायला वेळ नसेल. आपणच बंद केली तर निवड आपल्या हातात राहते. शिवाय ते संध्याकाळचे तास शिकवण्यासाठी मिळतात. मिळालेले तास कुणी दुसऱ्या कामाला लावायचे नाहीत, ही अट मी लेखी मागितली.

एक हिशेबही मांडला. एकाच यंत्रापुढे तातडीचे पेशंट वेळ न सांगता येतात तेव्हा रांग सरळ रेषेत वाढत नाही. यंत्र आणि माणूस ८० टक्के वेळ व्यग्र असतील, तर रांगेतली सरासरी वाट एका तपासणीच्या साधारण चौपट असते. ९० टक्क्यांना ती नऊपट होते, ९५ टक्क्यांना १९ पट. आमच्या सीटीवर रात्री तसे झाले होते. माणसाला सतत कामाला जुंपून ठेवणे म्हणजे कार्यक्षमता, ही समजूत तातडीच्या सेवेत पेशंटच्या मुळावर येते. बैठकीत हा मुद्दा कितपत पोहोचला ते सांगता येत नाही, पण २२ मिनिटांची रात्र सगळ्यांना माहीत होती.

पाळी १४ आठवडे बंद राहिली. कर्करोग, मणक्यावरचा दाब आणि लहान मुले यांच्यासाठी सकाळच्या जागा राखल्या. रेडिओलॉजिस्टांनी गुडघा आणि कंबरेच्या नेहमीच्या तपासण्यांतले काही सिक्वेन्स (एका स्कॅनमधले प्रतिमांचे वेगवेगळे संच) कमी केले, त्यामुळे दिवसाला दोन-तीन पेशंट जास्त बसले. बाकीच्यांना थांबावे लागले. ज्यांची अपॉइंटमेंट पुढे गेली त्यांना आम्ही स्वतः फोन केले, आणि त्यातले काही फोन मी अजून विसरलेलो नाही. वर्षभर पाठदुखी सोसणाऱ्या माणसाला ‘आणखी सहा आठवडे’ सांगताना कुठलाही हिशेब कामाला येत नाही.

निर्णय दुसरा : कुणाला शिकवायचे

प्रथेप्रमाणे एमआरआयचे प्रशिक्षण ज्येष्ठतेने मिळत असे. या वेळी ज्यांनी स्वतः मागितले त्यांना घेतले. तिघे निघाले, आणि त्यातले दोघे सर्वांत तरुण होते. दोन ज्येष्ठ दुखावले. एक काका, वीस वर्षे एक्स-रेत काढलेले, माझ्याशी महिनाभर कामापुरतेच बोलले. त्यांना मी आधी विश्वासात घ्यायला हवे होते. त्यांनी एमआरआय मागितलेही नसते. त्यांना विचारले गेले नाही, हे त्यांचे दुःख होते. नंतर कॅज्युअल्टीतल्या नव्या मुलांना पोझिशनिंग शिकवण्याचे काम त्यांनी स्वतःहून घेतले. रिजेक्टचा आकडा पुन्हा ८ च्या खाली आला, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

सीटीसाठी चौघांना तयार केले. घाई केली नाही. एकट्याने नाईट करण्याआधी प्रत्येकाने ठरलेल्या प्रकारांचे स्कॅन देखरेखीखाली करायचे आणि कॉन्ट्रास्ट शिरेबाहेर गेल्यास किंवा ॲलर्जीची रिॲक्शन आल्यास काय करायचे याची प्रात्यक्षिके द्यायची, असे ठरवले. एकाला दोन महिने जास्त लागले. त्याला ते दिले.

परिणाम

वर्षाअखेर १५ पदे भरली होती. एमआरआय स्वतंत्रपणे करणारे पाच झाले, रात्रीची सीटी करू शकणारे दहा. नाईटला दोन माणसे ठेवायला लागलो. संध्याकाळची पाळी पुन्हा सुरू झाली, पण सहाऐवजी चार दिवस. एमआरआयची वेटिंग बंदीच्या काळात वाढली, नंतर उतरली, पण पूर्वीइतकी खाली आलेली नाही. शिकवलेल्या तिघांपैकी एक नंतर सोडून गेला. शिकवले म्हणून गेला, असे काही जण म्हणाले. त्याने जाताना मला सांगितलेले कारण वेगळे होते : ड्यूटी चार्ट आदल्या आठवड्यात लागतो, त्यामुळे घरच्या कुठल्याच गोष्टीला तो हो म्हणू शकत नव्हता. आता चार्ट सहा आठवडे आधी लागतो. हा बदल त्याच्या राजीनाम्याआधीही करता आला असता. त्याला काहीच खर्च नव्हता.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या राजीनाम्यालाच एखादे काम उघडपणे कमी करायला हवे होते. ओव्हरटाईमने मी प्रशासनाला चुकीचे चित्र दाखवले. हेतू पेशंटची सोय हाच होता, तरी चित्र चुकीचेच होते.

डोकी मोजण्याऐवजी कोणाला काय येते याचा तक्ता आधीपासून हवा होता. आज तो माझ्या टेबलासमोर लावलेला आहे : एका बाजूला नावे, वर कामे, आणि ज्या कामाखाली दोनपेक्षा कमी खुणा आहेत ते लाल.

शिकाऊ विद्यार्थ्यांकडे आम्ही टंचाईच्या काळात फुकटचे हात म्हणून पाहिले. ट्रॉली ढकलणे, फिल्म पोचवणे. दोन हुशार मुली प्रशिक्षण संपवून दुसरीकडे रुजू झाल्या. त्यातली एक वर्षभराने भेटली तेव्हा म्हणाली, “सर, तुमच्याकडे सहा महिने होते, पण सीटीच्या कन्सोलला मी हात लावला नाही.” ज्या दोघींना आम्ही नंतर जाहिरात देऊन शोधत होतो, त्या आमच्याच दारातून बाहेर गेल्या होत्या. आता प्रत्येक विद्यार्थ्याला एक ठरलेला तंत्रज्ञ असतो आणि आठवड्यातले दोन दिवस फक्त शिकण्याचे.

राहिली मॅमोग्राफी. तिथली तंत्रज्ञ एकटी होती, आणि तिची यादी कधीच लांबली नाही, म्हणून या सगळ्या काळात आमच्या कुठल्याही बैठकीत तिचे नाव आले नाही. प्रत्येक पेशंटच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन प्रतिमा, प्रत्येक वेळी वाकून, हात ताणून स्तन प्लेटवर नीट बसवणे, आणि घाबरलेल्या बाईशी तेवढ्याच शांतपणे बोलणे. तिचा उजवा खांदा दोन वर्षे दुखत होता. मला ते कळले तिने फिजिओथेरपीसाठी रजा मागितली तेव्हा. मी विचारले, “ताई, आधी का नाही सांगितलंत?” तिने विचारले, “सांगून बदली माणूस कुठून आणला असतात?”

तिच्या हाताखाली एक जण शिकते आहे. तिचे प्रशिक्षण पुरे होईपर्यंत ताई रजेवर असल्या की मॅमोग्राफीची खोली बंद असते, आणि त्या तारखा सहा आठवडे आधी दारावर लावलेल्या असतात.